बंद खदानीतले रस्ते आणि बायकोची स्कूटी

तीस वर्षं मी खदानीत डंपर चालवला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असल्या रस्त्यावरून भरलेली गाडी रोज खाली आणली. पण दोन चाकांची गाडी मला येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. डंपरवाल्याला सायकल येते का, असं कोण विचारणार?

स्कूटी बायकोची होती. ती नेरूळच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जायची. चार घरं आधी पायी केली, मग गुडघे बोलायला लागले, मग एक दिवस सरळ गाडी घेऊन आली. पंचेचाळिशीत शिकली. पोळपाट लोकांचा चालायचा तिला, लाटणं मात्र स्वतःचं लागायचं. ते सीटखालच्या डिकीत असायचं. बाजारात जायचं असलं की मी मागे बसायचो. रिक्षावाले हसायचे. एकाने विचारलं होतं, “काय काका, मालकीणबाई ड्रायव्हर?” मी म्हटलं, “आज माझी सुट्टी आहे.” पंधरा वर्षं माझी सुट्टीच चालू होती.

गेल्या वर्षी ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. माझं शिक्षण चौथी, आणि ज्याला लिहिता येतं त्यालाही यावर काय लिहिता येत असेल, मला शंका आहे.

स्कूटी खाली पार्किंगमध्ये उभी राहिली. मी रोज सकाळी फडकं घेऊन जायचो आणि ती पुसायचो. चालू करत नव्हतो, कारण चालू करून करणार काय? पनवेलची मुलगी फोनवर म्हणायची, “आप्पा, देऊन टाका ना कोणाला तरी.” मी म्हणायचो, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

मग आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. ज्या गाड्या सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बंद आहेत, त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी भंगारवाल्यास देण्यात येतील. खाली यादी. यादीत गंजलेल्या दोन सायकली, एक बिनकाचेची मोटार, आणि स्कूटीचा नंबर.

मी सेक्रेटरीकडे गेलो. सेक्रेटरी वयाने माझ्यापेक्षा लहान, अंगाने माझ्या दीडपट. वाईट माणूस नाही, पण नियम म्हटला की त्याच्या अंगात येतं.

“आजोबा, नियम सगळ्यांना सारखा. गाडी वापरात पाहिजे.”

“वापरात आहे.”

“कोण वापरतं?”

“मी.”

त्याने चष्मा खाली केला. “तुम्ही? तुम्हाला येते?”

“तीस वर्षं डंपर चालवलाय मी. ही केवढीशी!”

“मग प्रश्नच मिटला. शेवटच्या रविवारी सगळी कमिटी खाली असते. पुढच्या गेटपासून मागच्या गेटपर्यंत चालवून दाखवा, मी स्टिकर देतो. पण स्वतः चालवायची हं, बाहेरचा माणूस आणायचा नाही.”

मी बरं म्हणून घरी आलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलोय. हातात चार आठवडे होते. मला त्या स्कूटीचं करायचं काहीच नव्हतं, हे खरं. पण भंगारवाला तिला चाकाला धरून उचलणार आणि त्या बिनकाचेच्या मोटारीवर आडवी टाकणार, हे मला बघायचं नव्हतं.

माझा एकच दोस्त आहे, सारसोळे गावचा. कोळ्याचा मुलगा, पण पाण्यात न जाता खदानीत बार लावायला आला. बार म्हणजे सुरुंग. मी डंपर, तो बारवाला. आम्ही एकमेकांना याच नावाने हाक मारतो. त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत, त्यावरून त्याचा अनुभव समजून घ्यावा. त्याला सगळं सांगितलं, तर तो आधी पोट धरून हसला.

“म्हंजे तुला सायकल पन नाय येत? तीस वरसं माझ्यासमोर छाती काढून फिरलास आनि सायकल नाय येत?”

“हळू बोल.”

“अरे, पोरी चालवतात रं!”

“म्हणूनच मैदानात शिकायचं नाही. तिथे त्या पोरी असतात.”

मग शिकायचं कुठे? रस्त्यावर लाज, मैदानात लाज. बारवाल्याने साडेतीन बोटांनी हायवेच्या पलीकडच्या डोंगराकडे दाखवलं. “आपली खदान हाय की. तिथं कोन बघतंय?”

शिरवणे गावाच्या मागचा तो डोंगर आम्हीच खाल्लेला. अर्धी नवी मुंबई त्याच्या खडीवर उभी आहे. आता खदानी बंद पडून बरीच वर्षं झाली. खड्ड्यांत हिरवं पाणी साठलंय, क्रशरच्या चौथऱ्यावर बाभळी आल्यात. सकाळी फिरायला येणारी माणसं सोडली तर कोणी नसतं. आणि रस्ते? रस्ते तर मी डोळे मिटून सांगतो.

मेकॅनिककडून बॅटरी बदलून घेतली. लर्निंग लायसनही काढलं. माझं हेवीचं लायसन इथे चालत नाही म्हणाले. पडद्यावरच्या खुणा मी धडाधड सांगितल्या. खुणा मला सगळ्या येतात. तोल येत नाही, पण तोल पडद्यावर विचारत नाहीत.

पहिल्या दिवशी बारवाला पुढे, मी मागे, असे खदानीत पोचलो. त्याने गाडी उभी करून किल्ली माझ्या हातात दिली. मी डंपरला करायचो तसं सगळं केलं. उदबत्ती लावली, लिंबू-मिरची बांधली. मग चाकाला लाथ मारली. चाकात हवा किती ते डंपरवाल्याला लाथेच्या आवाजावरून कळतं. लाथ मारल्याशिवाय कोणी गाडीत चढत नाही. स्कूटी सरळ बारवाल्याच्या पायावर पडली.

“हवा बरोबर आहे,” मी म्हटलं.

तो काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्यांदा मी उजव्या बाजूने चढलो, कारण डंपरचा दरवाजा उजवीकडे असतो. गाडी डावीकडे पडली. तिसऱ्यांदा चढलो, बसलो, आणि हात आपोआप गिअर शोधायला गेला. गिअर नव्हताच. माझं सगळं शहाणपण गिअरमध्ये होतं. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा आमचा मंत्र. इथे नुसती मूठ पिळायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मी मूठ पिळली. गाडी गेली, मी तिथेच राहिलो.

पण हार मानून चालणार नव्हतं, म्हणून आधी रस्ता नीट निवडायचा ठरवलं. बंद खदानीत रस्ता निवडणं हे काम आहे, थट्टा नाही. वरून सगळं सारखंच दिसतं, दगड आणि गवत. पण कुठे काय पुरलंय ते माहीत पाहिजे.

सगळ्यात सपाट दिसला क्रशरचा रस्ता, म्हणून तिथून सुरुवात केली. तिथे कच पसरलेली असते, दगडाचा बारीक चुरा, आणि तिच्यावर मोहरीएवढी खडी. डंपरला ती कळतही नाही. स्कूटीला कळते. सांडलेल्या साबुदाण्यावरून चालावं तसं झालं. एका सकाळी मी तिथे सात वेळा पडलो. बारवाला सावलीत बसून मोजत होता. “पाच! थांब रं, चाय पिऊ दे. सहा!”

दुसरा रस्ता दारूखान्याचा, म्हणजे सुरुंगाची दारू ठेवायची ती खोली होती तिकडचा. तो अरुंद आणि मध्ये नाली. तिसरा मात्र आमचा जुना चढ. खालच्या खड्ड्यापासून डोंगर कापून केलेल्या वरच्या पायरीपर्यंत डंपर जायचा तो. वीस वर्षं भरलेल्या गाड्यांनी दाबून दाबून तो असा बसवलाय की आता त्याच्यावर गवतसुद्धा लाजत लाजत उगवतं. रुंद, वळणं मोठी, आणि डोंगराकडे किंचित झुकलेला. मीच म्हटलं, हाच.

वरच्या पायरीवर पोचलो त्या दिवशी मी गाडी दगडाला टेकवून तिथेच बसलो. पोचलो म्हणजे गाडीला ढकलत पोचलो, चालवत नाही. तिथे पूर्वी बाया डबर फोडायला बसायच्या. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट, मी नवा नवा डंपर तिथून जोरात नेला आणि सगळी धूळ एका पोरीच्या भाकरीवर गेली. ती उठून ओरडली, “डोळे फुटले का रे तुझे?” आमचं पहिलं बोलणं एवढंच. पुढे चाळीस वर्षं ती मला अधूनमधून हेच विचारत राहिली.

बारवाला जवळ आला. “काय झालं?”

“धूळ गेली डोळ्यात.”

“धूळ कुठं हाय? डंपर बंद झालं की रं.” पण मग त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

दोन आठवडे गेले. मी चढावर चारपाच हात सरळ जायचो आणि मग मागचं चाक नाचायला लागायचं. मग मला उमगलं. रिकामा डंपर उतारावर माकडासारखा उड्या मारतो, भरलेला शहाण्यासारखा चालतो. स्कूटी रिकामी होती! शिवाय इतकी वर्षं तिच्यावर मागे कोण बसायचं? मी. ऐंशी किलो. गाडीला मागे माझ्या वजनाची सवय, आणि मी पुढे येऊन बसलो तर ती बिचारी गोंधळणारच.

“माल भरला पाहिजे,” मी म्हटलं.

“मी नाय बसनार,” बारवाला म्हणाला. “मी दारूवर बसलोय, पन तुझ्या मागं नाय.”

मग आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कच भरली आणि ती मागच्या सीटवर त्याच्या घरच्या होडीच्या नायलॉन दोरीने बांधली. गोणी पाठीला घासायला लागली म्हणून तिला माझा जुना लांब बाह्यांचा शर्ट घातला. बाह्या लोंबायला लागल्या, त्या चाकात जाऊ नयेत म्हणून माझ्या पोटावर गाठ मारून बांधल्या. दिसायला ते कसं दिसत असेल, याचा आम्ही दोघांनीही विचार केला नाही. आम्ही खदानीतली माणसं. माल बांधला की झालं.

पहिल्या दिवशी माल जास्त झाला. चढावर मूठ पिळली आणि पुढचं चाक आभाळाकडे गेलं. मी, गोणी आणि स्कूटी, तिघंही पाठीवर. फिरायला आलेल्या एक बाई धावत आल्या.

“अहो आजोबा, लागलं का? आणि या मागच्या आजोबांना काय झालं? ते हलत नाहीयेत!”

“ते असेच आहेत,” मी म्हटलं.

“अहो, मान पडलीय त्यांची!”

“मान नाहीच त्यांना.”

बाईंनी एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काढला. बारवाल्याने गोणीचं तोंड सोडून ओंजळभर कच दाखवली तेव्हा कुठे त्या शांत झाल्या. जाताना म्हणाल्या, “या वयात काय हे!” मी गोणीचं तोंड परत बांधलं.

निम्मा माल काढला आणि जमलं. खरंच जमलं. चढाच्या पहिल्या वळणापर्यंत न पडता गेलो. आता उतारावर समोरून कोणी येऊ नये म्हणून बारवाल्याने त्याची जुनी पद्धत काढली. खदानीत बार उडवण्याआधी लाल फडकं हलवून चारी दिशांना तोंड करून ओरडायचं असतं. मी वरून निघायच्या आधी तो वळणावर उभा राहून फडकं हलवायचा आणि बोंबलायचा, “बार हाय रेऽऽ! बार हाय!” त्याला वाटायचं लोक बाजूला होतील. झाले ना! जे जुने गाववाले होते ते दगडांमागे आडवे झाले. एका दिवशी योगा करणारी नऊ माणसं क्रशरच्या भिंतीमागे डोक्यावर हात ठेवून बसली होती. आणि मी गोणी पाठीशी बांधून त्यांच्यासमोरून संथपणे खाली आलो.

एका शनिवारी पाच मोठ्या मोटारसायकली आल्या. पोरं नव्हेत, चांगली चाळिशीची माणसं. गुडघ्याला, कोपराला, छातीला ढाली, हेल्मेटवर कॅमेरे. खदानीत गाड्या उडवायला आलेले. मोबाइलवर रस्ता बघत होते. त्यातल्या म्होरक्याने माझी गाडी बघितली, मग मागची गोणी बघितली, आणि काही न विचारता नमस्कार केला. समजूतदार माणूस.

“काका, वर जायला ट्रॅक कुठला? हे समोरचं मैदान सपाट दिसतंय.”

“तिकडे जाऊ नका. तो मलबा आहे. वरून माती टाकलीय, आत पोकळ. पाऊस पडला की बसतो.”

त्याच्या जोडीदाराला ते पटलं नाही. मोबाइलवर हिरवं दाखवत होतं म्हणे. तो गेला, आणि तीस फुटांवर त्याची गाडी सीटपर्यंत आत बसली. ती बाहेर काढायला सातजण लागले. मी आणि बारवाला धरून. मग मी त्यांना रस्ते सांगितले. डंपरचा चढ पक्का. मलब्याच्या कडेला चाक न्यायचं नाही. हिरव्या पाण्याच्या काठाला तर अजिबात नाही, कारण तिथे कडेपासूनच तीनचार माणसं उभी बुडतील एवढं खोल आहे. पायऱ्यांची कड दिसते तेवढी नसते. ते लक्ष देऊन ऐकत होते. शाळेत मास्तरांनी माझं कधी एवढं ऐकलं नव्हतं.

माझं चालवणं बघून जाताना म्होरक्या म्हणाला, “काका, राग मानू नका, पण तुम्ही पुढच्या चाकाकडे बघून चालवता. म्हणून वळणावर पडता. लांब बघा. जिथे जायचंय तिथे बघा.”

मी डंपरवाला, माझी नजर कायम चाकाच्या बाजूला, कडेवर. तीस वर्षं मी कडा बघत होतो म्हणून जिवंत राहिलो. आता म्हणे लांब बघा. पण बघून पाहिलं. वळणाच्या पलीकडच्या बाभळीकडे बघितलं आणि गाडी आपोआप वळली. मी इतका चकित झालो की थांबायचंच विसरलो आणि त्या बाभळीत गेलो. पण वळलो! पुढच्या आठवड्यात मी तो चढ तीनदा चढलो आणि तीनदा उतरलो. बारवाल्याने फडकं हलवलं, पण ओरडला नाही. “आता नाय घेत भंगारवाला,” तो म्हणाला.

रविवार आला. कमिटी खुर्च्या टाकून पार्किंगमध्ये बसलेली. गेटबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा. बिनकाचेची मोटार त्यात चढवलेली होती आणि तिच्या टपावर एका गाडीपुरती जागा मोकळी होती. बघणाऱ्याला कळत होतं जागा कोणासाठी आहे.

मी गोणी बांधून पुढच्या गेटपाशी उभा. सेक्रेटरी उठला.

“हे काय?”

“माल.”

“आजोबा, सोसायटीत मालवाहतूक चालत नाही. गोणी काढा.”

“गोणीशिवाय तोल जातो.”

“मग गाडी येते असं कसं म्हणायचं?”

बारवाला फाटकाबाहेरून ओरडला, “मी बसतो मागं! नाय नाय म्हनत होतो, पन बसतो!”

“बाहेरचा माणूस नको,” सेक्रेटरी म्हणाला.

मला राग आला. म्हटलं, “मग तुम्ही बसा. तुम्ही तर सोसायटीतले आहात. आणि वजनही बरोबर आहे.”

कमिटीत एक बाई होत्या, त्या फिसकन हसल्या. खजिनदार म्हणाला, “बसा की साहेब, नियमात कुठे नाही म्हटलंय?” सगळे बघत होते. नियमाचा माणूस नियमातच अडकला. सेक्रेटरीने चष्मा खिशात ठेवला आणि बसला. स्कूटी खाली दबली, पण गोणीपेक्षा बरी दबली. मऊ माल होता. बारवाल्याने सवयीने फडकं काढलं आणि चारी दिशांना बोंबलला, “बार हाय रेऽऽ!” दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावून घेतली.

निघालो. लांब बघितलं, मागच्या गेटकडे. पाच हात गेलो नाही तोच मागून सुरू झालं. “डावीकडे, आजोबा, डावीकडे! खांब आहे! ब्रेक! अहो ब्रेक! स्पीडब्रेकर आहे!” दोन्ही हातांनी माझे खांदे आवळलेले.

आणि मला आठवलं. मीही असाच ओरडायचो. पंधरा वर्षं, प्रत्येक सिग्नलला, तिच्या कानात. खांब तिला दिसत नसेल असं मला वाटायचं. ती वळून न बघता एवढंच म्हणायची, “चालवतंय कोण?” तेव्हा मला वाटायचं, बाई किती उर्मट आहे. मागे बसून ओरडणारा माणूस काय चीज असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, “चालवतंय कोण?”

सेक्रेटरी गप्प झाला. स्पीडब्रेकर आला, दोघंही उडालो, दोघंही परत सीटवर पडलो. मागच्या गेटपाशी दोन्ही पाय खाली टेकवून थांबलो. पडलो नाही. सेक्रेटरी उतरला, खिशातून चष्मा काढून परत घातला, बराच वेळ जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताने हँडलखाली स्टिकर चिकटवला. म्हणाला, “वापरात आहे. भलतीच वापरात आहे.” टेम्पो मोकळ्या जागेसकट निघून गेला. बारवाला नातवाच्या बारशाला जायचं म्हणून पळाला.

कमिटी उठली. सेक्रेटरी जाता जाता म्हणाला, “आजोबा, जागेवर लावा. आणि मधल्या स्टँडवर हं. साइड स्टँडवर गाडी आडवी पसरते, बाजूच्याला जागा राहत नाही.”

मधला स्टँड मला लावता येत नव्हता. खदानीत आम्ही गाडी दगडाला टेकवायचो. मी गाडी जागेवर नेली, सीट धरून मागे ओढली. नाही. जोरात ओढली. कंबरेत काहीतरी करकरलं. गाडी जिथल्या तिथे. सोडली तर पडणार, कोणाला हाक मारली तर आत्ताच मिळालेला स्टिकर सेक्रेटरी काढून नेणार. म्हणून एका हाताने गाडी धरली, दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल काढला आणि पुसायला लागलो.

गेटवरची सिक्युरिटीची बाई बघत होती. पन्नाशीची आहे, आम्ही इथे आल्यापासून इथेच आहे. दहा मिनिटं तिने बघितलं, मग खुर्चीवरून उठून आली.

“आजोबा, एकच आरसा किती वेळ पुसणार?”

मी इकडे तिकडे बघितलं. “स्टँड लागत नाहीये,” मी हळूच म्हटलं.

“ओढताय कशाला? ओढायची नसते. पायानं स्टँड दाबून धरा, सगळं वजन पायावर द्या, गाडी आपली आपण मागं येते. काकू तर एका हातात भाजीची पिशवी घेऊन लावायच्या. मला त्यांनीच दाखवलंय.”

“तुला दाखवलं? कधी?”

“माझ्या मुलीला गाडी घेतली ना, तेव्हा. उन्हात अर्धा तास उभ्या राहून शिकवलं. म्हणाल्या, आमच्या घरात शिकणारं कोणी नाही.”

मी पाय ठेवला. वजन दिलं. खट् आवाज झाला आणि गाडी वर येऊन उभी राहिली, सरळ. मी हात काढला तरी पडली नाही.

मी गाडी परत स्टँडवरून खाली काढली आणि परत लावली. खट्. परत काढली. परत लावली. बाई म्हणाली, “आजोबा, जमलं की.” मी म्हटलं, “बघू दे.” पाचव्या की सहाव्या वेळेला सेक्रेटरीने वरून खिडकीतून डोकं काढलं. “काय चाललंय खाली? दुपारची वेळ आहे, लोक झोपलेत!”

“गाडी वापरात आहे,” मी ओरडून सांगितलं, आणि अजून एकदा लावली.